तुझ्या पलंगाखालचं खोकं

शके,

गेल्या आठवड्यात तुझा तेरावा झाला. पंगतीत बुंदी होती आणि ती कडक झाली होती. तू असतीस तर एक दाणा दाताखाली फोडून पहिल्याच पंगतीला म्हणाली असतीस, "हा घाणा वापस घ्या." पण कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी मान खाली घालून खाल्लं, मीही खाल्लं. तुझ्या फोटोकडं बघत चावत होते आणि मनात म्हणत होते, बघ शके, आज तुझ्याच घरात माल न तपासता चाललाय.

निघाले तर तुझी सून मागं आली. हातात खोकं.

"मावशी, आत्याबाईंच्या पलंगाखाली होतं. म्हणल्या होत्या, आमची मंदी आली की तिच्याच हातात दे. टेम्पोवाल्याला देऊ नको."

मुकुंदवाडीपासून सिडकोपर्यंत रिक्षात ते खोकं मी मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर ते गॅलरीत ठेवलं, तुझ्या खुर्चीवर. टेम्पोवाला सलीम खालून हॉर्न वाजवून गेला. "खाला, माल तयार है क्या?" मी वरूनच हात हलवला. माल तयार आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि खोकं उघडून बघायचा धीर होत नव्हता. आपलं शेवटचं भांडण त्यात बंद करून तू निघून गेलीस.

भांडण आपल्याला नवं नव्हतं म्हणा. आपली ओळखच भांडणानं झाली. तेव्हाची ती मंदाकिनी, म्हणजे मीच, आठवली की अजून मला तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. औरंगपुऱ्यातली, वडील कोर्टात कारकून, मॅट्रिक फर्स्ट क्लास, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागलेली गल्लीतली पहिली मुलगी. बाई गल्लीभर सांगत फिरायची, "मी टीव्ही बनवते." काय बनवायची ते तुला माहीत आहे. फिरत्या पट्ट्यावरून बोर्ड समोर यायचा, त्याच्या भोकांत रेझिस्टरचे तीन रंगीत दाणे बसवायचे, पाय वाकवून कथिलानं झाळायचे आणि बोर्ड पुढं ढकलायचा. बस. पण गल्लीत कुणाचा टीव्ही खरखरला की मलाच बोलावणं यायचं. मी जायची, गंभीर चेहऱ्यानं मागून वाकून बघायची आणि एक थाप मारायची. लागला तर माझी विद्या. नाही लागला तर, "काकू, तुमची पिक्चर ट्यूब गेलीय."

आणि कामाला जायची कशी? स्टार्चची साडी, डोक्यावर कारखान्याची टोपी आणि टोपीखाली मोगऱ्याचा गजरा. कुणाला दिसणार होता तो? पण मला ठाऊक होता ना, तेवढं पुरे होतं.

तू फुलंब्रीहून पहिल्या एसटीनं यायचीस. पदर कमरेला खोचलेला, फडक्यात भाकरी. टेबलाच्या टोकाला, भिंगाच्या दिव्याखाली तुझी जागा. पुढ्यात हिरव्या रंगाची एक बाटली आणि लाल दोऱ्याचं एक रीळ. पीस चांगला असेल तर कोपऱ्यात हिरवा ठिपका. चुकला असेल तर लाल दोरा बांधून ज्या टेबलावरून आला तिथं परत, सगळ्यांच्या देखत.

माझ्या बोर्डाला पहिल्यांदा दोरा बांधलास तेव्हा मी तणतणत तुझ्यापुढं आले. म्हटलं, "मी स्वतः तीनतीनदा बघितलाय. गपचूप ठिपका लाव आणि सोड."

तू बोर्ड भिंगाखाली धरलास, बारीक चिमटा आत घातलास आणि दोन दाण्यांच्या मधून पिवळी पडलेली मोगऱ्याची पाकळी उपसून काढलीस. ती दिव्यासमोर धरून विचारलंस, "ताई, ह्यो कोणचा पार्ट हाय?"

पट्टा थांबला असेल इतकं हसले लोक. मी रडकुंडीला आले. जेवणाच्या सुट्टीत तूच माझ्याजवळ येऊन बसलीस, अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकलीस आणि म्हणालीस, "रुसू नको गं. आपल्याच डोक्यातली पाकळी आपल्याला दिसत नसती. म्हणून ज्यानं बनवलं त्यानं पास करायचं नसतं."

"आणि लाल दोरा बांधून अब्रू घालवायची असते, व्हय?"

"लाल म्हणजे भंगार नाय, मंदे. भंगाराचा ड्रम तिकडं हाय. लाल म्हणजे परत बसव."

"आणि तुझं काम कोण तपासतं?"

तू घास तसाच धरून विचार केलास. "ते मलाबी अजून समजलं नाय."

बास, तिथून आपलं सुरू झालं. मी म्हणायची, बनवणारी नसती तर तू काय तपासलं असतंस, हवा? तू म्हणायचीस, आन् तपासणारी नसती तर तू हवाच बनवली असतीस. तो कारखाना बंद पडला. आपण दुसऱ्यात गेलो, तिथून तिसऱ्यात. टीव्ही गेले, मीटर आले, मीटर गेले, गाड्यांच्या वायरी आल्या. पोरांची लग्नं झाली, केस पांढरे झाले, पण कोण मोठं हे काही ठरलं नाही. दोघी रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात मी म्हटलं, "माझ्या आयुष्यात सर्वात जास्त अडथळे शकुंतलाबाईंनी आणले." लोकांना वाटलं विनोद केला. तू तेवढी मान डोलवत होतीस.

मग आमचे हे गेले. पुढचे दिवस मी आठवत नाही, आठवायचेही नाहीत. गॅलरीत बसून राहायची एवढंच कळतं. तू एक दिवस आलीस ती सांत्वनाला नाही, सलीमच्या टेम्पोतून. मागं दोन खोकी. धाडकन माझ्या पुढ्यात ओतलीस. गाडीच्या हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत जाणाऱ्या वायरींचे जुडगे, आणि त्यांच्या टोकाला बसवायचे प्लास्टिकचे कपलर.

"घरी करायचं काम आणलंय. तू बसव, मी बघते. हात मोकळे नको ठेवू, मंदे. हात मोकळे राह्यले की डोकं चालतं."

मी म्हटलं, "डोकं चाललं तर बिघडलं काय?"

"तुझं चाललेलं मी बघितलेलं हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आपल्या दुपारी तशाच. जेवणं झाली की तू यायचीस. वायरीचं टोक कपलरच्या खाचेत सारायचं, आत टक् वाजलं की बसलं. लाल लालच्या घरात, काळी काळीच्या, निळी निळीच्या. तू प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायचीस, रंग बघायचीस आणि ठिपका लावायचीस. मी एकदा म्हटलं, "माल जातो त्या शेडमध्ये बल्ब लावून परत तपासतात म्हणे. तू कशाला डोळे फोडतेस?" तर म्हणालीस, "पुढं कुणीतरी बघंल म्हणून सोडायचं असंल तर मी हितं कशाला बसू? काळी-निळी उलटी गेली की ब्रेकचा दिवा लागत नसतो. मागून येणाऱ्याला काय समजंल?"

मग गेल्या वर्षी, दिवाळीच्या पुढंमागं, तुझं काहीतरी बिनसायला लागलं. माझा पीस हातात घेऊन तू उठायचीस, गॅलरीच्या कठड्याशी जायचीस आणि उजेडात उलटसुलट करून बघत राहायचीस. आधी असं कधी करत नव्हतीस. मग विचारायला लागलीस, "मंदे, ही निळी ना?" मी म्हणायची, "नाही गं, काळी आहे." तू "बरं" म्हणायचीस आणि पीस पुन्हा उजेडात धरायचीस. तू, जी भिंगाशिवाय केसाएवढी चीर पकडायचीस! तुझी शुगर मला ठाऊक होती. शुगर डोळ्यांत उतरते हेही ठाऊक होतं.

तुला सोपं जावं म्हणून मी एक युक्ती केली. काळ्या वायरी स्टीलच्या वाटीत आणि निळ्या पितळेच्या वाटीत वेगळ्या करून ठेवायला लागले. शंका आली की तू वाटीतल्या वायरीशी रंग ताडून बघावास. तू वाट्यांकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, ओशाळली. पुढं तू अर्धवट तपासलेली खोकी घरी न्यायला लागलीस. "हितं उजेड बरा नाय" म्हणायचीस. भर दुपारी, माझ्या दक्षिणेच्या गॅलरीत! अंबाड्यात एक लांब बारीक पिन खोचून यायला लागलीस. म्हटलं, म्हातारीला या वयात नटायचं सुचलं.

शेवटी एक दिवस मला राहवलं नाही. तू पुन्हा कठड्याशी उभी होतीस. मी म्हटलं, "शके, डोळे दाखवून ये. तुला काळं-निळं कळेना झालंय."

तू वळलीस. "मला?"

एवढंच. हसली नाहीस, चिडलीही नाहीस. पीस खाली ठेवलास, पदरानं हात पुसलेस आणि माझ्याकडं बघितलंस.

"मग काय मला?" मी म्हटलं. "किती वर्षं लोकांना लाल दोरे बांधलेस. आता स्वतःला बांधायची वेळ आली तर राग येतो?"

तू खोकं उचललंस. दारात थांबलीस. "हे मी घरी नेते. ठिपका लावलेला यातला एक जरी पीस चुकला निघाला ना, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडं मी येते. आन् नाय निघाला तर तू यायचं."

"मी कशाला येऊ?"

"यायचं म्हणजे यायचं. पैज हाय."

जिना उतरताना तू कठड्याला धरून उतरत होतीस. मी वरून बघत होते आणि मला वाटत होतं, बघा, पायऱ्याही दिसेनात बाईला. मग तू आली नाहीस. मीही फोन केला नाही. म्हटलं, येईल झक मारत, आजवर आलीच आहे. फोन आला तो तुझ्या मुलाचा.

आता सांग, मी ते खोकं उघडायचं कसं? आतला माल चुकलेला निघाला तर मी बरोबर होते, तू आंधळी होत होतीस, आणि तुझं शेवटचं काम बिघडलेलं होतं. बरोबर निघाला तर मी तुझ्या डोळ्यांवर, म्हणजे तुझ्या सगळ्या जन्मावर, उगाच बोट ठेवलं. आणि ते ऐकून तू गेलीस. दोन्हीतलं कुठलंही मला नको होतं. वाटलं, तसंच सलीमच्या हवाली करावं. तुझे ठिपके आहेत ना त्यावर? तुझ्या शब्दाला मान म्हणून जाऊ द्यावं. मग तुझा आवाज कानात आला, मागून येणाऱ्याला काय समजंल.

आणि मी तपासूनही उपयोग नव्हता. पीस माझेच. आपल्या डोक्यातली पाकळी.

म्हणून रविवारी केतकीला बसवलं. ही माझी नात, जिच्यावरून आपण दोघी त्याच्याही आधी जोरात भांडलो होतो. मी तिला बँकेत जा म्हणत होते, एसीत बसून काम कर. तू तिच्या कानाशी लागून तिला शेंद्र्याच्या कारखान्यात तपासणीवर पाठवलंस. "एसी तर शेंद्र्यालाबी हाय," म्हणालीस वर. तिथं ही कॅमेऱ्यासमोर बसते, बोर्ड पडद्यावर हाताएवढा मोठा होऊन दिसतो, चूक असेल तिथं चौकोन येतो. तू एकदा तिला विचारलं होतंस, "कॅमेऱ्याला दिसत नाय असं काय असतं गं?" ती म्हणाली, "कधी कधी चांगल्यावरही चौकोन येतो, शकूआजी. मग माणसानं बघायचं." तुला काय आनंद झाला होता!

केतकीनं खोकं तुझ्या खुर्चीवरून खाली घेतलं. त्या खुर्चीवर मात्र बसली नाही, जमिनीवर मांडी घातली. एकेक जुडगा काढायची, वायर ओढायची, रंग बघायची, बाजूला ठेवायची. मी समोर बसले होते. निकालाच्या दिवशी बसतात तशी.

"आजी, सगळे बरोबर आहेत."

"नीट बघ."

"नीटच बघितले. ठिपका असलेला एकही चुकीचा नाही."

मला हुश्श वाटायला हवं होतं. मला तर जमिनीनं गिळून टाकावं असं झालं. तोवर केतकीनं एक कपलर उन्हात तिरपा धरला. "पण हे बघ. ह्याच्या आतल्या खिट्टीवर ओरखडे आहेत. कुणीतरी पिन घालून वायर बाहेर काढलीय आणि परत बसवलीय. ह्याच्यावर पण. ह्याच्यावर पण."

पिन, शके. अंबाड्यातली.

खोक्याच्या तळाशी एका ब्लाऊजपीसमध्ये बांधलेलं गाठोडं होतं. त्यात जुडगे, ठिपका नसलेले. प्रत्येकाला लाल दोरा. दुरुस्त करायचे राहिलेले. केतकीनं एक उचलला, बघितला, मग दुसरा. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सगळ्यांत एकच चूक आहे. काळी आणि निळी उलटी बसलीय."

"शकूला दिसत नव्हतं," मी म्हटलं. "म्हणूनच तर मी..."

"आजी, शकूआजीनं बसवले नाहीत हे. तू बसवलेत."

मी तिच्या हातातला पीस काढून घेतला.

तिनं वाट्या पुढं ओढल्या. अजून तशाच होत्या, स्टीलची आणि पितळेची. स्टीलच्या वाटीतून एक वायर काढून माझ्यासमोर धरली. "ही कुठली?"

"काळी."

"आणि ही?"

"काळीच की. त्या वाटीत काळ्याच आहेत."

"ही निळी आहे, आजी. गडद निळी. दोन्ही वाट्यांत दोन्ही मिसळल्यात."

"इथं उजेड बरा नाही," मी म्हटलं. म्हटलं आणि ऐकलं. दुपारचे बारा, गॅलरीत ऊन सांडलेलं.

शके, किती वेळ तू त्या कठड्याशी उभी राहून माझे पीस बघत होतीस! स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होतीस, कारण माझ्यावर घ्यायची नव्हती. "ही निळी ना?" हे तू विचारत नव्हतीस, तू मला तपासत होतीस. आणि मी ठासून सांगत होते, काळी आहे. ती गजरेवाली मंदाकिनी कधीच गेली असं मला वाटत होतं. कुठं जाते? इथंच आहे, स्टार्चसकट. मागून वाकून बघते, थाप मारते आणि शेजारणीला सांगते, तुमची ट्यूब गेलीय.

रात्री खूप रागावले तुझ्यावर. आता रागावून काय, पण रागावले. जन्मभर माझ्या प्रत्येक चुकीला भर टेबलांसमोर दोरा बांधलास, आणि हा एकच दोरा लपवून पलंगाखाली ठेवलास? का, ते कळतं मला. सांगितलं असतंस तर माझं काम सुटलं असतं, हात मोकळे झाले असते. आणि माझं डोकं चाललेलं तू बघितलेलं होतंस. म्हणून तू नियम मोडलास. माझं बिघडलेलं घरी नेऊन, एकटी बसून, पिनेनं एकेक वायर काढून परत बसवत राहिलीस. मला पास करत राहिलीस. हे तुला शोभलं नाही गं. कुणी मला याहून मोठं काही दिलेलंही नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम गिळता येत नाही.

आणखी एक गोष्ट टोचते. आधीची जी खोकी गेली, त्यातला एखादा तुझ्याही नजरेतून सुटला असेल का? कुणाच्या तरी गाडीचा मागचा दिवा... तू सोडला नसशील, असं मी स्वतःला सांगते. पण जिना उतरताना तू कठडा धरत होतीस, तेही मी पाहिलंय. तुझं काम कोण तपासत होतं, शके? मला विचारलं असतंस तर मी काय सांगितलं असतं, काळी आहे म्हणून? सलीमला मी खरं काय ते सांगितलंय. तो शेडमध्ये बोलतो म्हणाला, तिथं पडलेला आधीचा माल परत काढून बघायला लावतो. मग तुझी आठवण काढून म्हणाला, "बड़ी खाला होती तो अब तक सब खोल के बैठती."

गाठोड्यातले पीस केतकीनं काल संध्याकाळी बसवले. मी हात लावला नाही. हिरवा ठिपका लावायची वेळ आली तेव्हा ती बाटली माझ्यापुढं धरून बसली. मी म्हटलं, "बसवलेस तू, म्हणजे तुला लावता येणार नाही. बनवलेत मी, म्हणजे मलाही नाही." मग दोघी तुझ्या खुर्चीकडं बघत बसलो. शेवटी ठिपक्याशिवायच दिले. सलीमला सांगितलं, हे तपासायचे राहिलेत.

पैज मी हरले. सोमवारी केतकी सुट्टी घेऊन मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेणार आहे. चष्म्याच्या काडीला मी तुझ्या रिळातला लाल दोरा बांधलाय. डॉक्टरनं विचारलं तर सांगेन, आमच्या इन्स्पेक्टरनं परत पाठवलंय. लाल म्हणजे भंगार नाही, हे तूच शिकवलंस. डोळे साफ होऊन येतील, मी पुन्हा बसेन, वायर सारेन, टक् वाजेल.

मग हात पुढं करेन, सवयीनं. आणि तो पीस घ्यायला समोर कुणी नसेल.